शिंग न काढणारी अळी

फुलपाखरं बघायला आलेली माणसं मान वर करून चालतात. मी मान खाली घालून चालतो. संत्र्याच्या, लिंबाच्या नाहीतर बेलाच्या झाडाखाली मिरीएवढे हिरवट-काळे गोळे पडलेले दिसले की थांबायचं. ती अळीची विष्ठा. तिच्या बरोबर वरच्या फांदीवर कडा कुरतडलेली पानं असतात आणि त्या पानांत अळी. अळी सापडली की फुलपाखरू आज ना उद्या दिसतंच. माझ्या कामातलं निम्मं कौशल्य एवढंच आहे. उरलेलं निम्मं म्हणजे वाट बघणं. ते मला फार उशिरा आलं, आणि त्या उशिराची किंमत दुसऱ्याच माणसाने भरली. त्याबद्दलच लिहायला बसलो आहे.

नागपूरहून खापरखेड्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर एका संस्थेच्या आवारात फुलपाखरांची बाग आहे. तिथे मी अकरा वर्षं देखरेखीचं काम करतो. बागेला जाळी नाही, काचघर नाही. फुलपाखरांना लागणारी झाडं आम्ही लावायची, यायचं की नाही ते त्यांनी ठरवायचं. लोक येतात ते मोठ्या फुलपाखरांसाठी. या मोठ्या कुळातल्या बहुतेकांच्या मागच्या पंखांना शेपटी असते. गंमत अशी, की त्यातली आमच्याकडे येणारी सगळ्यांत मोठी जी राणी पाकोळी, तिला शेपटीच नाही. मखमली काळे पंख आणि मागच्या पंखांवर सांडल्यासारखा निळा पट्टा. पंख पसरून बसली की माझा तळहात झाकेल एवढी मोठी. नर कन्हान नदीच्या काठी ओल्या वाळूवर पाणी पीत बसलेला दिसतो. पण खरं बघण्यासारखी असते ती अंडं घालायला निघालेली मादी. नर झाडांवरून सरळ निघून जातो. मादी प्रत्येक झाडापाशी घुटमळते, पानावर पुढचे पाय आपटते. पायांनीच ती पानाची चव घेते. झाड पसंत पडलं की पोट वाकवून मोहरीपेक्षा लहान असं एकच अंडं ठेवते आणि पुढच्या पानाकडे जाते. पावसाळा सरताना, सकाळी नऊच्या उन्हात, हे मी शेकडो वेळा बघितलं असेल. अजून कंटाळा आलेला नाही.

गिऱ्हाईकं मात्र नाना तऱ्हेची. सीताबर्डीचे एक कापडवाले मुलीच्या लग्नाआधी बागेत आले. म्हणाले, “वरमाला पडली का डब्बा उघडायचा अन् फुलपाखरं उडाले पाहिजे. निळेच पाहिजे. मंडप निळा आहे.”

मी म्हटलं, “शेठ, ती माझ्या ऐकण्यातली नाहीत.”

“मग तुम्ही करता काय इथे?”

“झाडं लावतो आणि वाट बघतो.”

त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. “अशी भी नोकरी असते?”

दुसरं गिऱ्हाईक नलिनीताई. सरकारी कचेरीतून निवृत्त झालेल्या, आवाज खणखणीत. त्यांचा पहिला फोन तक्रारीचा होता. “तुमचे फुलपाखरं माझा कढीपत्ता खाऊन राहिले. फांद्या फक्त उरल्या. येऊन घेऊन जा आपले!” फुलपाखरं आमची म्हणजे जणू गुरंच सुटून त्यांच्या दारात शिरली होती. मी गेलो. कुंडीत चार हिरव्यागार अळ्या होत्या. मी त्यांना एवढंच म्हटलं, की फवारा मारायच्या आधी पंधरा-वीस दिवस बघा. कढीपत्ता पुन्हा फुटतो. त्यांनी बघितलं. कोशातून पहिलं फुलपाखरू निघालं त्या दिवशी त्या मला फोनवर नीट काही सांगूच शकल्या नाहीत. तेव्हापासून दर रविवारी बागेत येतात आणि नवीन माणसांना माझ्यापेक्षा चांगलं समजावतात.

आता ‘सरांच्या काडी’बद्दल. ‘सर’ म्हणजे मी.

संत्रा-लिंबावरच्या या अळ्यांना डोक्यामागे एक दुशाखी शिंग असतं. एरवी आत दडलेलं. काडीने हलकं डिवचलं की लालसर शिंग सुळकन बाहेर येतं आणि कुजक्या संत्र्यासारखा उग्र दर्प सुटतो. मुंग्या, माश्या त्याने पळतात. पण काही अळ्या डिवचूनही शिंग काढत नाहीत, सुस्त पडून राहतात. अशा अळीच्या पोटात बहुधा बारीक गांधीलमाशीची पिल्लं वाढत असतात. त्या माशीने आपली अंडी अळीच्या अंगात टोचून ठेवलेली असतात. पिल्लं अळीला आतून खातात, मग बाहेर येऊन तिच्याच अंगाजवळ तांदळाच्या कणीसारखे पांढरे कोश विणतात. कोशांतून नव्या माश्या निघतात आणि दुसऱ्या अळ्या शोधतात. बागायतदाराच्या दृष्टीने ही फुकटची राखण आहे. काडी लावायची, शिंग आलं तर अळी धडधाकट, नाही आलं तर आजारी. कार्यशाळांमध्ये मी हे करून दाखवतो. लोक टाळ्या वाजवतात. कोणीतरी तिला ‘सरांची काडी’ म्हटलं आणि तेच नाव पडलं.

ती काडी माझी नव्हती.

बागेत येण्याआधी चौदा वर्षं मी सावनेर तालुक्यात, खाप्याजवळ, संत्र्याच्या एका नर्सरीत देखरेख्या होतो. नर्सरीचं काम थोडक्यात असं: जंभेरी लिंबाचं रोप वाढवायचं आणि त्याच्या खोडावर चांगल्या संत्र्याचा डोळा, म्हणजे कळीचं कलम, बांधायचा. रोप लहान, पानं मोजकी. त्यावर अळ्या पडल्या की दोन-चार दिवसांत रोपाच्या काड्या होतात. म्हणून पावसाळ्यात बायका ओळीओळीने अळ्या वेचतात आणि घासलेट टाकलेल्या पाण्याच्या डब्यात सोडतात. फुलपाखराच्या माणसाने लिहू नये, पण खरं आहे: माझ्या हाताखाली जेवढी फुलपाखरं मेली, तेवढी मी या बागेत अजून वाढवली नसतील.

मी कृषी पदविका घेऊन नवा नवा लागलो तेव्हा सत्तावीस वर्षांचा होतो. वेचणाऱ्या बायकांत गिरजाबाई होत्या, चाळिशी ओलांडलेल्या. कुठल्या रोपावर अळी पडली ते त्यांना चार पावलांवरून कळायचं. मालक सकाळी फेरीला आले की आधी त्यांना विचारायचे, “काय म्हणते गिरजा, नर्सरी?” मग माझ्याकडे वळायचे. हे मला लागायचं. तेव्हा कबूल केलं नसतं. आज करतो.

एका श्रावणात गिरजाबाईंच्या ओळी तपासताना मला पंधरा-वीस अळ्या पानांवर तशाच दिसल्या. त्यांना बोलावलं.

“या ओळी तुमच्याच ना?”

“माह्याच.”

“मग या अळ्या?”

“ह्या बिमार हायेत, साहेब. ह्यायच्या पोटात ह्यायचा वैरी हाये. ह्या मरतेत, अन् तो वैरी बाकीच्या अळ्यायले खाते. म्हणून ठेवल्या.”

“पोटातलं तुम्हाला दिसतं?”

बाकीच्या बायका काम थांबवून बघत होत्या. गिरजाबाईंनी हातातली कडुनिंबाची काडी माझ्यापुढे धरली. “दिसत नाही. तुम्ही काडी लावून पाहा, शिंग काढते का. चार दिवस थांबा, साहेब. मंग बोला.”

मी काडी घेतली नाही. सरळ मालकांकडे गेलो आणि म्हणालो, बाई कामचोर आहे, अळ्या सोडते आणि वर गोष्टी सांगते. दुपारपर्यंत गिरजाबाईंना काढून टाकलं. जाताना त्यांनी डबा बांधावर रिकामा केला, धुतला आणि उपडा ठेवला.

चौथ्या दिवशी त्याच ओळींत, त्याच अळ्यांजवळ, पांढरे पांढरे दाणे दिसले. मी धावत मालकांकडे गेलो आणि विजयी आवाजात सांगितलं, “बघा, सोडलेल्या अळ्यांनी अंडी घातली!”

वाचकांपैकी ज्यांना शाळेतलं आठवतं त्यांना हसू आलं असेल. अळी अंडी घालत नाही. अंडी फुलपाखरू घालतं. हे मला येत होतं, परीक्षेत लिहिलं होतं, चित्र काढून गुण मिळवले होते. पण बरोबर ठरायची इतकी घाई होती की डोळ्यांसमोरची गोष्ट मी हवी तशी वाचली. सगळ्या ओळींवर जहाल औषध फवारलं. कोश मेले. राखण करणाऱ्या माश्याच उरल्या नाहीत, त्यामुळे पुढच्या महिन्यात अळी आणखी जोरात आली. तेव्हा मी मालकांना म्हटलं, “बघा, गिरजाबाईंच्या अंड्यांचा हा परिणाम.” त्यांनी माझी पाठ थोपटली.

बागेत लागल्यावर दुसऱ्या वर्षी राणी पाकोळीच्या एका अळीपाशी मला तसेच पांढरे दाणे दिसले. या वेळी फवाऱ्याची परवानगी नव्हती, म्हणून मी अळी डब्यात ठेवून वर पातळ कापड बांधलं. काही दिवसांनी दाण्यांतून चिलटाएवढ्या काळ्या माश्या निघाल्या आणि कापडाखाली फिरू लागल्या. मी डबा मांडीवर घेऊन बसून राहिलो. मला बांधावरचा उपडा डबा आठवत होता.

त्या दिवशीच जायला हवं होतं. नागपूरहून खापा तासा-दीड तासावर आहे. मी गेलो नाही. त्याऐवजी काडी मात्र उचलली. पहिल्या कार्यशाळेत ‘एका बाईंकडून शिकलो’ एवढं म्हणालो. दुसऱ्या कार्यशाळेत तेही म्हणालो नाही. नऊ वर्षं अशीच गेली.

गेल्या पावसाळ्यात नलिनीताईंनी संत्रा उत्पादकांसाठी एक माहितीपत्रक लिहायला घेतलं. कच्चा मजकूर माझ्यापुढे ठेवला. “हे पाहा, मथळाच दिला मी: सरांची काडी. कसा वाटते?”

मला तो कागद हातात धरवेना. मी त्यांना सगळं सांगितलं, इथे लिहिलं आहे त्याच क्रमाने. त्यांनी शेवटी चष्मा काढला आणि म्हणाल्या, “ती बाई आहे का अजून?”

“असावी.”

“मग तुम्ही इथे काय करून राहिले?”

दुसऱ्या दिवशी मी खाप्याला गेलो. दोन ठिकाणी विचारलं आणि घर सापडलं. ओसरीवर एक म्हातारी सुपात तूर पाखडत होती. अंगणात लिंबाचं झाड. मी नाव सांगायच्या आधीच तिने डोळे बारीक केले.

“अंडेवाले साहेब ना गा तुम्ही?”

“कोण?” मी विचारलं.

“बायका तेच नाव घेत तुमचं. तुमाले मालूम नव्हतं?”

नव्हतं. चौदा वर्षं त्या नर्सरीत मी ताठ मानेने फिरलो आणि माझ्या पाठीमागे माझं नाव ‘अंडेवाले साहेब’ होतं. एका अर्थी बरं वाटलं. मला जे कबूल करायचं होतं त्यातलं निम्मं त्यांना आधीच ठाऊक होतं. उरलेलं मी सांगितलं: मालक आधी त्यांना विचारायचे म्हणून होणारी जळफळ, डब्यातल्या माश्या, काडी, टाळ्या. गिरजाबाई सूप मांडीवर ठेवून ऐकत होत्या.

“राग आला असेल,” मी म्हणालो.

“आला ना. काहून नाही येणार? दोन बरसाती होता. दुसरे नर्सरीवाले मले घेत नव्हते, हे बाई अळ्या सोडते म्हणे. मंग कपाशीत गेली, मिरचीत गेली. मिरची तोडून हात जळे, त्याचं काही नाही. पण संत्र्याच्या पाल्याचा वास हाताले याचा तो बंद झाला. त्याचं वाईट वाटे.” मग त्यांनी सूप बाजूला ठेवलं. “मी चार दिवस मागतले होते. तुमाले किती लागले?”

“पंचवीस वर्षं.”

“मंग थांबले म्हणा बावा एकडाव,” आणि त्या हसल्या. तोंडात दात थोडेच होते.

“पत्रकात तुमचं नाव घालतो,” मी म्हटलं. “ती युक्ती तुमची आहे.” आणि युक्ती मला नीट येते हे दाखवावंसं वाटलं म्हणा, किंवा हातांना काहीतरी काम हवं होतं म्हणा, मी अंगणातल्या लिंबावर एक अळी शोधली आणि काडी लावली. शिंग आलं नाही. “ही आजारी,” मी म्हणालो.

त्या उठून आल्या, पान वाकवलं. “कोणी सांगतलं? मान पाह्य तिची. सुजल्यासारखी हाये का नाही? कात टाकून राहिली ते. कात टाकाच्या टायमाले भी अळी शिंग काढत नाही. उद्या पाह्य, चांगली टणटणीत राहीन.” पान सोडून त्यांनी माझ्याकडे पाहिलं. “हे पुढचं सांगणारच होती मी तवा. तुम्ही आयकलंच कुठी?”

म्हणजे नऊ वर्षं मी जे शिकवत होतो ते अर्धंच होतं. माझ्यासाठी टाळ्या वाजवणाऱ्यांनी किती धडधाकट अळ्यांना आजारी ठरवलं असेल, देव जाणे. चोरलं होतं, तेही नीट चोरता आलं नव्हतं.

निघताना मी माफी मागितली. त्यांनी हात हलवला. “माफी मले काहून मागतं? मले तर तवाच मालूम होतं मी बरोबर हाये. ज्याले मालूम नाही त्याले सांग. मालकाले सांग. मले कामचोर त्यायच्यासमोर म्हणलं होतं. नाव टाकाचं तर मंग टाक.”

त्यांच्याकडे जाण्यापेक्षा हे अवघड होतं. पण त्या दिवशी परत फिरलो असतो तर पुन्हा नऊ वर्षं गेली असती, हे मला पक्कं कळत होतं. मी तिथून तडक नर्सरीत गेलो.

मालक आता ऐंशीच्या पुढे आहेत, कारभार मुलगा बघतो. शेडखाली खुर्चीत बसले होते. मला ओळखलं आणि आनंदले. मुलाला हाक मारली. “अरे, हा पाह्य कोण आला! याने ते अंडे पकडले होते, तू लहान होता तेव्हा. याच्यामुळे आपली नर्सरी वाचली.”

मुलाने हात जोडले. मला खुर्ची आली, संत्र्याचा रस आला. गप्प बसणं किती सोपं होतं. दहा मिनिटं रसाचं, पाण्याचं, भावाचं बोलून उठलो असतो तर मालक ती आठवण घेऊनच सुखाने राहिले असते.

मी म्हणालो, “मालक, अळी अंडी घालत नाही.”

“काय?”

“फुलपाखरू घालतं. अळी नाही. ते दाणे म्हणजे अळी खाणाऱ्या माशीचे कोश होते. गिरजाबाई बरोबर होत्या. तुम्ही त्यांना आधी विचारता याचा मला राग होता. मी त्यांना कामचोर म्हटलं, ते खोटं होतं.”

मालकांनी समोरच्या रोपांकडे पाहिलं. “अळी अंडे देत नाही हे तर चौथीतलं पोट्टं सांगते.”

“हो.”

“तू तर शिकलेला होता.”

“हो.”

“अन् मी जन्मभर संत्रा केला,” ते हळू म्हणाले. “मी भी मान डोलावली.” मग काठी टेकत उठले. “चाल. बायकायले सांग. माझ्यासमोर सांग.”

अळ्या वेचणाऱ्या सात-आठ जणी ओळींत होत्या. मुलाने त्यांना बोलावलं. मी उन्हात उभा राहून सगळं पुन्हा सांगितलं: शिंग, वैरी, चार दिवस, पांढरे कोश आणि आज सकाळीच शिकलेली ती सुजलेली मानसुद्धा. या अळ्या मारू नका, ठेवा, म्हणालो. बोलत असतानाच माझ्या लक्षात आलं, की बायका माझ्याकडे बघतच नाहीत, एकमेकींकडे बघताहेत. एकीने पदर तोंडाला लावला. दुसरीच्या खांद्यांना हसू आवरेना.

“काय झालं वं?” मालकांनी विचारलं.

त्यांच्यातली थोरली मंदाबाई पुढे झाली. मी लागलो तेव्हा ती नवी नवरी होती. “सांगू का, मालक? रागावसान नाही ना?” ती खाली वाकली आणि हाताशी आलेल्या रोपाचं एक पान उलटं केलं. ते पान आतल्या बाजूला वळवून दुसऱ्या पानाखाली खोचलेलं होतं. त्यात एक मलूल अळी होती आणि तिच्याजवळ तांदळाच्या कणीसारखे वीस-पंचवीस पांढरे कोश.

“गिरजामावशीनं सांगतलं होतं आमाले,” ती म्हणाली. “साहेब लोकायले दिसू नाही म्हणून पान असं आतमंदी खोसून ठेवतो. मावशी बजारात भेटते तवा इचारते भी, ठेवता ना वं म्हणून.”

“कधीपासून?” मालकांचा आवाज चढलेला नव्हता.

मंदाबाईने माझ्याकडे बोट केलं. “ह्यायच्या टायमापासून.”

मालक हसू लागले. हसता हसता त्यांना ठसका लागला, मुलाने पाणी आणलं. पाणी पिऊन ते म्हणाले, “उद्या गाडी काढजो. खाप्याले जाऊन येऊ.” कोणाकडे ते सांगितलं नाही. सांगायची गरज नव्हती.

नलिनीताईंच्या पत्रकावर आता ‘गिरजाबाईंची काडी’ छापलं आहे, सुजलेल्या मानेच्या चित्रासकट. पण मला राहून राहून आठवतं ते त्या दुपारचं शेवटचं. मी ओळीत गुडघ्यांवर बसून ते पान बघत होतो. माझ्या देखरेखीखाली चौदा वर्षं अशी पानं रोज वळवली गेली होती, आणि मी त्याच ओळींतून रोज फिरत होतो. एका कोशाच्या टोकाला बारीक भोक पडलं होतं. आतलं काहीतरी हलत होतं. एक काळी माशी बाहेर आली, पंख पुसत पानाच्या कडेला गेली आणि उडाली.

मंदाबाई डबा घेऊन पुढे निघाली होती. थांबून वळली.

“पाहून झालं असन तर पान जसं होतं तसं ठेवजा, साहेब.”

मी पान पुन्हा आत वळवलं आणि खोचून ठेवलं.